धरून चालू या, बाई वाचल्या

हेडविग श्वेंक जलतरण तलावाच्या तिकीट खिडकीत बसायची तेव्हा ब्रेटलिंगनची पोरं तिला मगर म्हणत. अंग न धुता कोणी तलावाकडे वळला की काचेआडून ती अशी ओरडायची, की पलीकडे निवांत पोहणारा एखादा म्हातारा गटांगळी खायचा. एकदा खुद्द पाद्रीबाबांना तिनं कोरड्या अंगानं परत पाठवलं. "देवाच्या घरात तुमचे नियम, माझ्या घरात माझे," असं वर तोंडावर सुनावलं. पाद्रीबाबा गेले आणि मुकाट्यानं अंग धुऊन आले.

तलावाची नोकरी संपल्यावर तिची सगळी तोफ आमच्या जिन्याकडे वळली. इमारत जुनी, वर पोटमाळ्यावर हेडविग आणि तळाला मी. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान रस्त्याकडे, मागे दोन खोल्या. माझं माहेर सालोनिकीचं, पण इथे जर्मनीत, स्वाबियात येऊन माझे केस पांढरे झाले, तेव्हा आता मी कुठली हे मलाच विचारू नका. जिना पुसायची पाळी आमच्याकडे आठवड्याआठवड्यानं फिरते. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला लाकडी पाटी लटकते. माझ्या पहिल्याच पाळीला मी पायऱ्या लखलखीत केल्या आणि कठडा विसरले. हेडविग खाली आली, कठड्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"ग्रीसमध्ये कठड्यांवर धूळ बसत नाही का हो?"

"बसते," मी म्हटलं, "पण शेजारीण होऊन बोलत नाही."

तिला हसू आलं, पण ते तिनं गिळलं. एकमेकींना 'तू' म्हणायला त्यानंतर बरीच वर्षं जावी लागली. तिचा नवरा आल्ब्रेख्ट गेला, त्याच्या मातीहून परतल्यावर ती चेरीच्या दारूची बाटली घेऊन माझ्या दुकानात आली, दोन पेले भरले आणि म्हणाली, "एवा, आजपासून तू मला हेडविग म्हणायचं." एवढंच. रडली वगैरे काही नाही.

तिच्या घराच्या सगळ्या खिडक्या मागच्या अंगणाकडे होत्या. रस्त्याच्या बाजूला छपराची उतरण आणि त्यात परातीएवढा एक झरोका. त्यामुळे तिचं जग म्हणजे अंगण. लग्न होऊन ती त्या घरात आली आणि आल्ब्रेख्ट गेला तोही त्याच खिडकीशेजारच्या खाटेवर. दर वसंतात ती खिडक्यांच्या चौकटी स्वतः हिरव्या रंगवायची. थोरला गाइझर, म्हणजे आमचा जुना घरमालक, म्हणायचा, "श्वेंकबाई आहेत तोवर मला छपराची काळजी नाही." भाडं त्यानं कधी वाढवलं नाही. तो वारला आणि सगळं धाकट्याच्या, टोर्स्टनच्या हातात आलं.

तोवर आमचं गाव फुगायला लागलं होतं. यंत्रांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यानं नव्या शेड टाकल्या, माणसं आली, आणि लोक गॅरेजमध्ये खाटा टाकून भाडं घेऊ लागले. टोर्स्टननं अंगणातलं अक्रोडाचं झाड पाडलं आणि तिथे लहान लहान घरांची नवी कोरी इमारत उभी केली. पूर्वी अंगणात ट्रक सहज यायचा. आता कुंडी उचलून नेता येईल एवढी बोळकंडी राहिली. हेडविग झाडासाठी आठवडाभर फणफणली. बोळाचं मात्र तेव्हा कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

गावाला दुसरंच वेड लागलं होतं. वस्ती वीस हजारांवर गेली की गावाला शहराचा दर्जा मागता येतो आणि नगराध्यक्षाचा महापौर होतो. आमच्या डीटर्लेसाहेबांनी गळ्यात घालायची साखळी आधीच घडवायला टाकली. वेशीवरच्या पाट्या बदलल्या, कागदांवरची मुद्रा बदलली, बँडवाल्यांना नवे गणवेश. दर्जाबरोबर कामंही अंगावर येतात. इमारतींची परवानगी आणि आगीच्या दृष्टीनं घरांची तपासणी आजवर जिल्ह्याकडे होती, ती आता गावाला करायची होती. कोण करणार, हे कोणी विचारलं नाही. साखळीला कड्या किती हव्यात यावर मात्र दोन बैठका झाल्या. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय!

दर शरदात आमचे बंबवाले चौकात जाहीर कवायत करतात. सगळे हौशी, स्वयंसेवक. कोणी सुतार, कोणी शिक्षक. त्यांचा म्होरक्या वेंडेलिन क्युब्लर घराघरांत नळ आणि हीटर दुरुस्त करतो, म्हणजे गावातल्या प्रत्येक तळघरात त्यानं कधी ना कधी बिअर घेतलेली. कवायतीला गाव लोटतं. भाजलेली सॉसेजेस, बटाट्याचं सॅलड, पोरांना बंबावर बसवून फेरी. त्या वर्षी त्यांनी आमची इमारत निवडली. धूर सोडायचा, माणसं बाहेर काढायची आणि शेवटी पोटमाळ्याच्या खिडकीतून एका बाईला मोठ्या शिडीनं उतरवायचं. हेडविग हौसेनं तयार झाली. निळा स्वेटर घातला, केस बसवून घेतले. मला म्हणाली, "आल्ब्रेख्टनंतर मला कोणी हातांवर उचललेलं नाही. बघू, वेंडेलिनच्या कमरेत किती जोर आहे."

धूर सुटला. हेडविगनं खिडकीतून पांढरा रुमाल हलवला. आम्ही सगळे बोळाच्या तोंडाशी आणि नव्या इमारतीच्या गॅलऱ्यांत दाटून उभे. शिडीचा बंब घणघणत आला, बोळापाशी वळला आणि थांबला. मागे गेला. पुन्हा वळला. त्याचा आरसा गाइझरच्या नव्या भिंतीला घासला. ड्रायव्हर खाली उतरला आणि मान खाजवत उभा राहिला. लोक हसायला लागले. कोणीतरी ओरडलं, "लोणी लावा रे दोन्हीकडून!" हेडविग वर रुमाल हलवतेच आहे. तिला वाटलं, हाही कवायतीचाच भाग.

वेंडेलिननं घड्याळ पाहिलं. बँड उभा होता, बिअरच्या पिंपाला तोटी लावलेली होती, डीटर्लेसाहेबांचं भाषण व्हायचं होतं. त्यानं भोंगा तोंडाशी धरला आणि म्हणाला, "मंडळी, वेळेअभावी आपण असं धरून चालू या की बाई वाचल्या!"

टाळ्या पडल्या. देवाशपथ सांगते, टाळ्या पडल्या! बँड सुरू झाला. लोक सॉसेजच्या रांगेकडे वळले. मी वर पाहिलं. हेडविगचा हात अजून वर होता, त्यातला रुमाल तेवढा थांबला होता. धूर खोटा, पण ती खरीच त्या खिडकीत होती, आणि तिच्यापर्यंत कोणी पोचू शकत नाही हे सगळ्या गावानं नुकतंच डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलं आणि सॉसेजवर मोहरीची चटणी मागायला गेले.

ती जिन्यानं खाली आली, गर्दीतून सरळ वेंडेलिनपाशी गेली.

"वेंडेलिन, खरी आग लागली असती तर?"

"अगं, खरी लागल्यावर काहीतरी केलं असतं ना!"

"काय?"

"हेडविग, आज सण आहे. बिअर घे."

तिनं बिअर घेतली आणि त्याच्या बुटांवर ओतली. मी म्हणते, बरं केलं.

दुसऱ्या दिवसापासून तिची वारी सुरू झाली. वेंडेलिन म्हणाला, आम्ही विझवतो, तपासत नाही. जिल्ह्याच्या कचेरीनं सांगितलं, ब्रेटलिंगन आता मोठं शहर होतंय, तुमचं तुम्ही पाहा. नगरपालिकेत एक गोड पोरगी म्हणाली, हो, काम आमच्याकडे येणार आहे, पण ते कोणी करायचं हे अजून ठरायचंय, बाई. टोर्स्टन गाइझर म्हणाला, माझी इमारत मंजूर आहे, शिक्क्यासकट. प्रत्येकानं अदबीनं दार उघडलं, खुर्ची दिली आणि पुढच्या दाराचा पत्ता दिला. मला तर वाटतं, शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं.

एकदा मी तिला म्हटलं, "सोड गं. इतकी वर्षं राहिलीस, काही झालं का?"

ती खेकसली, "तलावावर मी इतकी वर्षं बसले, एक पोर बुडालं नाही. का बुडालं नाही? कोणीतरी बघत होतं म्हणून. इथे कोण बघतंय ते सांग!"

हिवाळ्यात नगरपालिकेच्या सभेत तपासणीचा विषय आला. आम्ही दोघी पुढच्या बाकावर. तीन मतं पडली. एक म्हणे, नगरपालिकेनं स्वतःचा अधिकारी नेमावा. दुसरं म्हणे, पैसे मोजून जिल्ह्यालाच करू द्यावं. तिसरं सगळ्यांच्या आवडीचं: तपासणी वेंडेलिनच्या बंबवाल्यांकडे सोपवावी. बेकरीवाला ओल्ब्रिख, जो सभासद आहे, उठून म्हणाला, "वेंडेलिन आपल्यातला. तो सगळ्यांना ओळखतो. उगाच परका माणूस येऊन भट्टीत नाक खुपसणार, आमच्या पोटावर पाय देणार. सोयीचं काय ते पाहा."

नागरिकांच्या प्रश्नांची वेळ आली तशी हेडविग उठली.

"सोयीचं कोणाला, ओल्ब्रिख? तुमच्या बेकरीच्या मागच्या दाराला पिठाची पोती टेकवलेली असतात. वेंडेलिन रोज तिथून ब्रेत्सेल पाव नेतो. त्यानं कधी म्हटलं, पोती हलवा?"

ओल्ब्रिख लाल झाला. वेंडेलिननं बुटांकडे पाहिलं.

"तो भला माणूस आहे," ती म्हणाली, "माझ्या आल्ब्रेख्टला त्यानं खांद्यावरून खाली आणलं होतं. पण भल्या माणसाला शेजाऱ्याला नाही म्हणता येत नाही. मला विचारा, मी माझ्या सख्ख्या बहिणीला तलावावरून हाकललंय. ती सहा महिने बोलली नाही. ज्याला तेवढं सोसत नाही, त्याला या कामाला लावू नका."

डीटर्लेसाहेबांनी घसा खाकरला. "श्वेंकबाई, तुमची कळकळ आम्ही समजू शकतो."

"समजू नका, महापौरसाहेब. माणूस नेमा! साखळी घालून मिरवता, आणि माझ्या खिडकीखाली टाळ्या वाजवत उभे होता."

पेपरचा वार्ताहर लिहीत होता. त्याच्यापुढे विरोधात बोलायची कोणाची हिंमत झाली नाही. एका मतानं का होईना, नगरपालिकेनं स्वतःचा अधिकारी नेमायचं ठरलं. आम्ही घरी येऊन चेरीची बाटली काढली. हेडविग तलावावरच्या पोरांसारखी हसत होती. मीही हसले. मूर्ख आम्ही दोघी.

उन्हाळ्याच्या तोंडाला नव्या तपासणी अधिकारी म्हणून ल्यूडर्सबाई आल्या. उत्तरेकडच्या, उंच, बोलणं सुरीसारखं सरळ. कोणाच्या तळघरात बिअर घेतली नाही. ओल्ब्रिखची पोती हलवली, शाळेच्या सभागृहाच्या मागच्या दाराचं कुलूप काढायला लावलं. मग आमच्याकडे आल्या. बोळ मोजला, जिना पाहिला, हेडविगच्या खिडकीतून खाली वाकून पाहिलं. हेडविगनं त्यांच्यासाठी प्लमचा केक केला होता. त्यांनी तो खाल्ला नाही, आणि तिथेच मला संकटाचा वास आला.

"श्वेंकबाई," त्या म्हणाल्या, "तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. जिन्यात धूर भरला तर इथून बाहेर पडायला दुसरी वाट नाही. इथे माणूस राहू शकत नाही."

"मग ती भिंत पाडा."

"नवी इमारत आधीच्या लोकांनी मंजूर केली आहे. तिथल्या रहिवाशांना त्यांच्या वाटा आहेत. ती मी पाडू शकत नाही. घरमालकानं बाहेरून लोखंडी जिना बांधला तर चालेल."

टोर्स्टन दारात उभा होता. "बांधला असता हो," तो म्हणाला, "पण अंगणात जागाच उरली नाही." आणि हे तो म्हणतो! ज्यानं अंगण गिळलं तोच ढेकर देऊन सांगतो, जागा नाही. वर म्हणाला, "श्वेंकबाईंच्या जिवापेक्षा मला भाडं मोठं नाही." जुन्या भाड्याची म्हातारी फुकटात निघतेय, मग जीव मोठा होणारच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि त्या संन्याशानं दोर स्वतः भांडून आणला होता.

एक वाट उरली होती. ल्यूडर्सबाईंनी जाता जाता सांगितलं, की बंबवाल्यांच्या प्रमुखानं स्वतःच्या नावावर ग्वाही दिली, की हातानं लावायची शिडी त्या खिडकीला पोचते, तर मला ती मानावी लागेल. त्याच संध्याकाळी वेंडेलिन माझ्या दुकानात आला. हेडविग तिथेच बसली होती. त्यानं टोपी काढली.

"हेडविग, मी ग्वाही देतो. तू आपली वर राहा."

"पोचते का शिडी?"

"देतो म्हटलं ना ग्वाही."

"मी विचारलं, पोचते का?"

तो म्हणाला, "तुझ्यासाठी करतोय गं. कोणाला काय कळणार आहे?"

"माझ्यानंतर तिथे जो राहायला येईल त्याला कळेल. खिडकीत उभा राहिल्यावर."

"उद्याचं उद्या बघू."

"मग नको," ती म्हणाली.

मी कात्री आपटली. "अगं बाई, घे की! कोणाचं काय जातंय? जन्म काढलास त्या घरात. आल्ब्रेख्टची खाट आहे तिथे. डोकं फिरलंय का तुझं?"

"खाट खाली आणता येते," ती म्हणाली. "एवा, मला जायचं नाहीये. तुला काय वाटतं, मला जायचंय? पण हे खोटं मी माझ्या तोंडानं मागू?"

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

ती घर सोडून गेली. बसच्या शेवटच्या थांब्याजवळ, तळमजल्यावर, खिडकीसमोर गाड्यांचा वाहनतळ. सामान उतरवताना जिन्यावर चिखल झाला. जन्मात पहिल्यांदा तिनं तो तसाच टाकला. "गाइझर पुसेल," म्हणाली. कसला पुसतोय! शेवटी मीच पुसला, आणि कठड्यासकट पुसला.

हिवाळा आला आणि वर पावलं वाजायला लागली. टोर्स्टन म्हणे, ती आता सामानाची खोली आहे. सामान माझ्या दुकानात पँट आखूड करायला आलं. देसिस्लावा नाव, बल्गेरियाची, कारखान्यात खोकी भरायची. भाडं रोख, हातात, हेडविगच्या दुपटीनं. मोठ्यानं हसणारी, मला मावशी म्हणणारी. तिला कुठेच घर मिळत नव्हतं, ते वर मिळालं म्हणून ती खूश होती. मी फोनवर हेडविगला सांगितलं. मला गाइझरवर आग पाखडायची होती, बाकी काही नव्हतं मनात.

दुसऱ्या सकाळी ती ल्यूडर्सबाईंसमोर उभी होती. त्याच आठवड्यात पोटमाळ्याच्या दाराला सील लागलं. टोर्स्टननं दंड भरला, पापणी न हलवता. देसिस्लावा दोन पिशव्या घेऊन जिन्यावर उभी राहिली. आणि हेडविग आली. तिला यायची काही गरज नव्हती. तरी आली, बसनं, आणि जिन्याच्या तळाशी उभी राहून म्हणाली, "मी सांगितलं त्यांना. तुला माहीत असावं म्हणून आले."

देसिस्लावानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"काही नाही."

"तुम्ही तिथे जन्म काढलात! तुम्हांला काही झालं का?"

"नाही झालं."

"मग मलाच का?"

"तिथे शिडी पोचत नाही, पोरी. आग लागली तर तू मरशील."

"आग लागली तर!" ती ओरडली. सगळी इमारत दारात आली. "लागली तर! आणि बाहेर बर्फ पडतोय तो? तो तर पडतोच आहे! शिडी पोचते की नाही ते बघायला तुमच्याकडे माणूस आहे. मी आज कुठे झोपणार, ते बघायला कोण आहे? त्याचं नाव सांगा मला. सांगा!"

पाद्र्याला परत पाठवणारी, महापौराला गप्प करणारी ती बाई. तिनं पुढे होऊन एका पिशवीला हात घातला. देसिस्लावानं ती हिसकावली, हेडविगला धक्का देऊन दोन्ही पिशव्या ओढत रस्त्यावर गेली.

हेडविग कठड्याला धरून उभी राहिली. "एवा," ती म्हणाली, "तू जा तिच्यामागे. माझ्या घरी ती येणार नाही, तुझ्याकडे येईल."

मी गेले. तुझ्यासाठी जात नाहीये, असं जाताना हेडविगवर ओरडले.